सकाळचा नाश्ता, आदल्या रात्रीपासून

कामाच्या दिवशी शहरातल्या घरात सकाळच्या नाश्त्याच्या वाट्याला फार तर पंधरा-वीस मिनिटे येतात. मुलांच्या आंघोळी, वेण्या, डबे, पाण्याच्या बाटल्या, शाळेची गाडी आणि आईवडिलांची लोकल किंवा बस हे सगळे त्याच तासाभरात उरकायचे असते. अशा वेळी हाताला लागेल ते खाल्ले जाते: चहा-बिस्किट, खारी, टोस्ट, ब्रेड-जॅम, नाहीतर दुधात ओतलेले पाकिटातले गोड सीरियल. यातल्या बहुतेक पदार्थांत मैदा किंवा साखर मुख्य असते. पोट भरल्यासारखे वाटते आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. खरे तर दहा-पंधरा मिनिटांत होणाऱ्या पौष्टिक पदार्थांची मराठी स्वयंपाकघरात वाण नाही. पोहे, उपमा, धिरडे, थालीपीठ, घावन, उकड, आंबील हे सगळे मुळात झटपट होणारेच पदार्थ आहेत. मात्र ते झटपट होतात ते आधीच्या तयारीच्या जोरावर. धान्य आधी भिजवलेले, भाजलेले, दळलेले किंवा आंबवलेले असते, म्हणून सकाळी उरलेले काम थोडे असते. घाईच्या घरात नाहीसा झाला आहे तो हा आधीचा टप्पा.

सकाळी शरीराला काय हवे असते

रात्री नऊला जेवून सकाळी सातला उठलेल्या माणसाच्या पोटात दहा तास काही गेलेले नसते. या काळात रक्तातली साखर टिकवण्यासाठी यकृतातला ग्लायकोजेनचा साठा खर्ची पडत राहतो. मोठ्या माणसाला हे सहज पेलते. मोठ्यांनी नाश्ता टाळला की वजन वाढतेच, असेही सिद्ध झालेले नाही. लहान मुलांचे तसे नसते. त्यांच्या शरीरातला साठा लहान असतो आणि मेंदू मात्र एकूण ऊर्जेतला मोठा वाटा घेतो. दिवसभराची गरज दोन जेवणांत भागवण्याइतके त्यांचे पोटही मोठे नसते. म्हणून मुलांच्या बाबतीत सकाळचे खाणे हे दिवसातले एक पूर्ण जेवणच धरावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेत मध्यान्ह भोजनाच्या जोडीला सकाळच्या पौष्टिक नाश्त्याचीही शिफारस केली, ती याच विचाराने. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवातही केली.

नाश्त्याच्या बशीत चार गोष्टी असाव्यात, असे ढोबळ सूत्र सांगता येते. एक, तृणधान्य: पोहे, रवा, ज्वारी, नाचणी, गहू, तांदूळ. दोन, प्रथिने देणारा पदार्थ: डाळ, कडधान्य, दाणे, दूध, दही, अंडे. तीन, फळ किंवा भाजी. चार, थोडासा स्निग्ध पदार्थ, जो फोडणीतल्या तेलातून किंवा दाण्यांतून आपोआप मिळतो. यातली पहिली आणि चौथी गोष्ट मराठी नाश्त्यात सहसा असतेच. कमी पडतात त्या दुसरी आणि तिसरी.

प्रथिनांचा हिशेब आकड्यांत मांडला की हे स्पष्ट होते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम, ७ ते ९ वर्षांच्या मुलाला सुमारे २३ ग्रॅम आणि १० ते १२ वर्षांच्या मुलामुलींना ३२-३३ ग्रॅम प्रथिने लागतात. दिवसाचा एक तृतीयांश वाटा सकाळी मिळावा असे धरले, तर दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या नाश्त्यात सात-आठ ग्रॅम प्रथिने हवीत. चहाबरोबर चार बिस्किटे खाऊन यातली जेमतेम दोन ग्रॅम मिळतात.

लोहाचा प्रश्नही मोठा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले आणि १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षय असलेल्या आढळल्या. धान्य-कडधान्यांतले लोह शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण मुळातच कमी असते. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व मिळाले तर ते वाढते आणि चहातल्या टॅनिनांमुळे घटते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची जुनी रीत म्हणूनच चवीपुरती नाही. उलट पोह्यांबरोबरच चहाचा कप रिचवण्याची सवय लोहाच्या हिशेबाने तोट्याची आहे. मोठ्यांनी चहा नाश्त्याआधी किंवा नाश्त्यानंतर तासाभराने घेतला तरी हा तोटा बराच टळतो. लहान मुलांना चहा देऊच नये.

पोह्यांची एक बशी

पोहे हा महाराष्ट्राचा खरा झटपट नाश्ता. भात भिजवून, भाजून, दाबून चपटा केला की पोहे होतात. म्हणजे दाणा कारखान्यातच अर्धाअधिक शिजलेला असतो आणि घरी त्याला फक्त ओलावा व वाफ द्यायची असते. कांदेपोहे घरोघर आहेत. त्यांवर चण्याची झणझणीत तर्री ओतली की नागपूरचे तर्रीपोहे होतात. पातळ पोह्यांत ओले खोबरे, कांदा आणि लिंबू घालून दडपून ठेवले की दडपे पोहे होतात. दडप्या पोह्यांना गॅस लागतो तो फोडणीपुरता.

कांदेपोह्यांची वेळ नीट लावली तर पंधरा मिनिटे पुरतात. जाड पोहे आधी चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा धुवायचे आणि चाळण तशीच ताटलीवर निथळत ठेवायची. भांड्यात पाणी घालून भिजत ठेवले की त्यांचा लगदा होतो. चाळणीतले मात्र सात-आठ मिनिटांत सुटे आणि मऊ फुलतात. दाणा दोन बोटांत दाबल्यावर चुरला की पोहे झाले. तेवढ्या वेळात कांदा चिरून होतो आणि कढईत दाणे तळून निघतात. मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची आणि कांदा अशी फोडणी झाली की फुललेल्या पोह्यांना मीठ आणि चिमूटभर साखर लावून ते कढईत परतायचे, पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ आणायची. वरून कोथिंबीर, खोबरे आणि लिंबू.

आता या बशीचा हिशेब. एका माणसाला ५० ग्रॅम कोरडे पोहे धरले तर त्यांत साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे मुलाच्या सकाळच्या गरजेच्या निम्म्याहून कमी. पंधरा ग्रॅम शेंगदाणे घातले की आणखी साडेतीन-चार ग्रॅमची भर पडते आणि आकडा दुप्पट होतो. वीस ग्रॅम मुगाला मोड आणून ते वाफवून पोह्यांत मिसळले, तर साडेचार ग्रॅम वाढतात. साधी पोह्यांची बशी अशा रीतीने बारा ग्रॅमपर्यंत जाते आणि तिचे नाव, चव, रंग यांत फारसा फरक पडत नाही. मटार, किसलेले गाजर किंवा बारीक चिरलेली फरसबी घातली तर भाजीही त्याच बशीत येते. घाईच्या दिवशी दाणे वगळले जातात, कारण ते तळण्यात तीन मिनिटे जातात. म्हणूनच आठवड्याचे दाणे एकदाच भाजून बरणीत भरून ठेवणे हा नाश्त्यातला सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

हाच न्याय उपम्यालाही लागू पडतो. ५० ग्रॅम रव्यात पाच-साडेपाच ग्रॅम प्रथिने असतात. फोडणीत चमचाभर उडदाची डाळ, वर दाणे आणि मूठभर मटार एवढ्याने उपमा पूर्ण अन्न होतो. रवा भाजायला लागणारी दहा मिनिटे रविवारी खर्च केली तर सकाळी पाणी उकळण्यापुरताच वेळ लागतो. ओट्सचेही असेच. दुधात शिजवून गूळ घातलेल्या ओट्सना मुले नाक मुरडत असतील, तर तेच ओट्स भाज्या घालून उपम्यासारखे परतले की खाल्ले जातात.

रात्री भिजवलेले मूग

प्रथिनांच्या बाबतीत धिरड्याची बरोबरी करणारा झटपट पदार्थ विरळा. चौघांच्या घरात रात्री जेवणानंतर मोठी वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास, सालीसकट हिरवे मूग धुऊन भिजत घालायचे. या कामाला एक मिनिट लागते. सकाळी मूग दुप्पट फुगलेले असतात. पाणी काढून ते मिक्सरमध्ये घालायचे, सोबत आल्याचा तुकडा, एखादी मिरची, जिरे, कोथिंबिरीच्या काड्या आणि मीठ. तीन मिनिटांत पीठ तयार होते. पीठ डावातून सलग पडेल इतपत सैल हवे. घट्ट राहिले तर धिरडे जाड होऊन मधे कच्चे राहते; फार पातळ झाले तर तव्यावरून सुटत नाही. कुरकुरीतपणा हवा असेल तर दोन चमचे तांदळाचे पीठ मिसळावे.

तवा चांगला तापला की त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहतात. थेंब चुरचुरत उडून गेले की डावभर पीठ मध्यभागी ओतून डावाच्या पाठीने गोल फिरवत पसरायचे आणि कडेने अर्धा चमचा तेल सोडायचे. वरचा ओला रंग गेला आणि कडा सुटू लागल्या की उलटायचे. एका धिरड्याला तीन मिनिटे लागतात. दोन शेगड्यांवर दोन तवे ठेवले तर बारा मिनिटांत आठ धिरडी होतात, म्हणजे माणशी दोन. दीडशे ग्रॅम मुगात ३३-३४ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला आठ-साडेआठ ग्रॅम येतात. सोबत दही घेतले तर आणखी चार-पाच. पिठात किसलेले गाजर किंवा चिरलेला पालक घातला तर भाजी वेगळी करावी लागत नाही. उरलेले पीठ फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगले राहते.

मूग भिजवायचे राहून गेले तर बेसन आहेच. बेसनाच्या पोळ्याला भिजवणे लागत नाही. पीठ, पाणी, ओवा, कांदा, टोमॅटो, की तवा. कोकणातले घावन तांदळाच्या पिठाचे, तेही असेच आयत्या वेळी होणारे. मात्र त्यात प्रथिने कमी, म्हणून त्याच्याबरोबर चटणी, उसळ किंवा अंडे हवे. अंडे खाणाऱ्या घरात कोणत्याही पदार्थाची उणीव भरून काढायला एक अंडे पुरते: सहा ग्रॅम प्रथिने आणि पाच मिनिटांचे काम. रात्री उकडून सालीसकट फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी सकाळी तेवढाही वेळ घेत नाहीत.

रविवारचा एक तास

रोजच्या सकाळचे काम कमी करणारी तयारी आठवड्यातून एकदा एकत्र केली तर तासाभरात आटोपते. तिचे चार भाग पडतात.

पहिला भाग कोरड्या पिठांचा. थालिपिठाची भाजणी हे या प्रकारातले सर्वांत जुने आणि शहाणपणाचे उदाहरण. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने आणि जिरे वेगवेगळे खमंग भाजून एकत्र दळतात. धान्य आणि डाळी एकत्र आल्याने एकातली उणीव दुसरे भरून काढते: धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत मेथिओनिन कमी असते ते धान्यातून मिळते. भाजलेले असल्याने पीठ महिना-दोन महिने टिकते आणि थालीपीठ लवकर शिजते. सकाळी त्यात कांदा, मेथी किंवा किसलेली दुधी, तिखट-मीठ घालून मळायचे, तव्यावर थापायचे, मधे भोक पाडून तेल सोडायचे. खानदेशातले कळण्याचे पीठ म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेले. त्यामागचे गणित हेच.

दुसरा भाग मोडांचा. मूग, मटकी किंवा चवळी रात्रभर भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधून ठेवली की दिवसाभरात मोड येतात. मोड येताना दाण्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि लोह-जस्त अडवून धरणारे फायटेट कमी होते. मोड फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात. मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि वृद्धांना ते कच्चे देऊ नयेत, वाफवून द्यावेत. मोड येण्याला लागणारा ओलावा आणि ऊब जंतूंनाही मानवते.

तिसरा भाग आंबवलेल्या पिठाचा. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद डाळ एवढे पीठ चौघांना दोन दिवस पुरते: सोमवारी इडली, बुधवारी त्याच पिठाचे उत्तप्पे किंवा आंबोळ्या. आंबवताना फायटेट घटते, ब गटातली काही जीवनसत्त्वे वाढतात आणि पदार्थ पचायला हलका होतो. थंडीत पीठ आंबायला दुप्पट वेळ घेते, तेव्हा भांडे बंद ओव्हनमध्ये किंवा ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवतात. पीठ फुगले की ते फ्रिजमध्ये हलवायचे, नाहीतर बुधवारपर्यंत ते आंबट होते.

चौथा भाग चटण्या-कुटांचा. भाजलेल्या दाण्यांचे कूट, लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी या तीन बरण्या भरलेल्या असल्या की कोणताही नाश्ता पाच मिनिटांत सुधारतो. भाकरीवर दही आणि जवसाची चटणी, पोळीवर दाण्याची चटणी आणि काकडी, उकडलेल्या रताळ्यावर दाण्याचे कूट हे नाश्ते जुळवायचे असतात, करावे लागत नाहीत.

गॅस न पेटवता

आठवड्यातून एखादा दिवस असा येतोच, की सगळे उशिरा उठलेले असतात. त्या दिवसासाठी घरात दोन-तीन बिनगॅसचे पर्याय कायम असावेत. पातळ पोहे धुऊन दह्यात कालवले आणि त्यात मीठ, साखर, दाण्याचे कूट, कोथिंबीर घातली की दहीपोहे झाले. सातूचे पीठ, म्हणजे भाजलेले गहू आणि डाळं यांचे पीठ, दूध-गुळात कालवले की पाच मिनिटांत पोटभर खाणे होते. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात टाकल्या तर विकतच्या सीरियलची गरज उरत नाही. राजगिऱ्यात प्रथिने १०० ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम, म्हणजे तांदळापेक्षा बरीच जास्त असतात. केळे आणि मूठभर फुटाणे, किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि पेलाभर दूध, हेही नाश्तेच आहेत.

नाचणीची आंबील गॅसवर होते, पण पाच मिनिटांत. दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचे आणि मग उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचे; दाट झाले की उतरवून, कोमट झाल्यावर ताक आणि मीठ घालायचे. गोड हवी असेल तर दूध-गूळ. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, ही इतर तृणधान्यांच्या कितीतरी पट जास्त मात्रा आहे. ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. तीस ग्रॅम नाचणी आणि पेलाभर दूध यांतून त्याच्या निम्म्याहून जास्त मिळते. मात्र वस्त्रगाळ केलेल्या नाचणीसत्त्वात सालीबरोबर तंतू आणि काही कॅल्शियमही निघून जाते. तान्ह्या बाळांसाठी सत्त्व ठीक. शाळकरी मुलांना अख्ख्या नाचणीचे पीठच चांगले.

रात्रीचे उरलेले

मराठी घरात उरलेल्या अन्नाचा नाश्ता करण्याची जुनी परंपरा आहे: फोडणीची पोळी, फोडणीचा भात, ताकात कुस्करलेली भाकरी. उरलेले वरण किंवा आमटी कणकेत घालून मळली तर प्रथिनयुक्त पराठे होतात. उरलेल्या कोरड्या भाजीची पोळीत गुंडाळी होते. पोळी-भाकरीचा कुस्करा करताना त्यात मूठभर मोड आणि दाणे टाकले की ते पूर्ण खाणे होते. मराठवाड्यातला चुरमुऱ्यांचा सुशीला याच घराण्यातला. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकले आणि वर डाळ्याचे कूट पेरले की काम झाले.

भाताबाबत एक खबरदारी आवश्यक आहे. तांदळात बॅसिलस सीरियस या जीवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि उलट्या घडवणारे हे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. सकाळी फोडणीचा भात करायचा असेल तर जेवणे झाल्यावर तास-दोन तासांच्या आत भात उथळ डब्यात पसरून फ्रिजमध्ये जायला हवा. लहान मुलांबाबतची दुसरी खबरदारी दाण्यांची. पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा बदाम देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांना कूटच द्यावे.

सकाळची शाळा

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असे परिपत्रक काढले. त्यामागे मुलांच्या झोपेचा विचार होता. पाचवीपुढचे वर्ग मात्र अनेक शाळांत सात-सव्वासातलाच भरतात. साडेपाचला उठवलेल्या मुलाला सहा वाजता भूक नसते. त्याला धिरडे भरवण्याचा आग्रह वाया जातो. अशा मुलांसाठी नाश्त्याचे दोन भाग करणे सोयीचे. घरातून निघताना हलके काही: पेलाभर दूध आणि केळे, किंवा नाचणीचा लाडू. खरा नाश्ता डब्यात, छोट्या सुट्टीसाठी. थालीपीठ, इडली, मुगाच्या धिरड्याची गुंडाळी, पराठा हे पदार्थ गार झाल्यावरही चांगले लागतात आणि दहा मिनिटांच्या सुट्टीत हाताने खाता येतात. उपमा आणि पोहे डब्यात कोरडे पडतात, ते घरी खाण्याचे.

मूल सकाळी खात नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा रात्रीच्या जेवणात असते. दहाला जेवून झोपलेल्या मुलाला सहाला भूक नसणे साहजिक आहे. रात्रीचे जेवण आठच्या आसपास आले की सकाळची भूक आपोआप सुधारते.

पाकिटावरची अक्षरे

विकतचे पदार्थ घरात पूर्ण टाळता येत नाहीत. निदान पाकीट उलटून वाचता येते. भारतातल्या नियमांनुसार घटक पदार्थ प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. गव्हाच्या ब्रेडवर पहिला शब्द मैदा असेल, किंवा सीरियलवर दुसरा शब्द साखर असेल, तर पुढचे चित्र कितीही आरोग्यदायी असले तरी आतला माल कळतो. दुधात घालायच्या माल्टयुक्त पावडरींचेही तसेच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा कोणता गटच नाही. वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळकरी मुलासाठी ५ टक्के म्हणजे चार-पाच चमचे. गोड सीरियल, गोड दूध आणि दोन बिस्किटे झाली की हा कोटा सकाळीच संपतो.

हात किती लागतात

झटपट नाश्त्याचा विचार पदार्थांपाशी थांबला तर तो अपुरा राहतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. सकाळची घाई ही बहुतेक घरांत एकाच माणसाची घाई असते. ती कमी करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे हात वाढवणे. एकजण धिरडी घालत असताना दुसऱ्याने डबे भरले, आठ-दहा वर्षांच्या मुलाने चाळणीत पोहे धुतले आणि दाणे मोजून घातले, तर पंधरा मिनिटांचे काम दहावर येते. आपल्या हाताने केलेला पदार्थ मूल सहसा टाकत नाही, हा वरचा फायदा.

आठवड्याचे वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावले की रोजचा ‘आज काय करायचे’ हा प्रश्न संपतो. सोमवारी इडली-चटणी, मंगळवारी मुगाची धिरडी आणि दही, बुधवारी मोड घातलेले पोहे, गुरुवारी भाजणीचे थालीपीठ, शुक्रवारी नाचणीची आंबील आणि उकडलेले अंडे किंवा फुटाणे. रोज सोबत हंगामातले एक फळ, मग ते पेरू असो, केळे असो, संत्रे असो. उपवासाच्या दिवशी नुसती साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ अन्न. तिच्यात दाण्याचे कूट सढळ हाताने घालावे आणि सोबत ताक किंवा दूध घ्यावे. या यादीतला एकही पदार्थ नवा नाही, महागाचा नाही आणि सकाळी वीस मिनिटांहून जास्त वेळ मागणारा नाही. मागतो ते आदल्या रात्रीचे एक मिनिट: झोपण्याआधी वाटीभर मूग पाण्यात टाकण्याचे.